सज्जनांच्या घरी

डॉर्कसनं कॉफीची किटली टेबलावर ठेवली आणि रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. तिला ते सांगावं लागत नसे. बाईसाहेबांनी शिवणाच्या टोपलीत हात घालून, लोकरीच्या गुंड्यांखालून, ते पुस्तक वर काढलं होतं. फिलाडेल्फियाच्या मावसबहिणीनं टोपीच्या खोक्यात दडवून पाठवलेलं. गुलामगिरीविरुद्ध लिहिलेली कादंबरी व्हर्जिनियात नुसती घरात सापडली असती तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांत बोभाटा झाला असता. पण रविवारी चर्चहून आल्यावर एल्सवुडांच्या दिवाणखान्यात तिचं वाचन चाले. बाईसाहेब वाचत आणि मालक डोळे मिटून ऐकत.

त्यातला गुलामांचा सौदागर एकडोळ्या होता. मेलेल्या बाईच्या अंगावरची शाल काढून तिच्याच बहिणीला विकणारा. गोष्टीतला मालक मात्र म्हातारा न्यायाधीश होता. गुलामांची पोरं तापानं फणफणली की उशाशी जागणारा. बँक बुडाली, त्या धक्क्यानं तो गेला आणि त्याची माणसं लिलावात निघाली. त्या पानावर आल्यावर बाईसाहेबांचा आवाज भरून आला. मालकांनी रुमाल काढला.

“लिहिणारी उत्तरेकडची आहे खरी,” बाईसाहेब नाक पुसत म्हणाल्या, “पण आपल्यावर अन्याय नाही केला हं तिनं. चांगल्याला चांगलं म्हटलंय.”

“चूक आहे ती ह्या सौदागरांची,” मालक म्हणाले. “देवानं कशाला जन्माला घातलं असेल त्यांना! मावशी, तुझ्या आठवणीत असला माणूस कधी आला का गं ह्या घरात?”

“नाही, मालक,” डॉर्कस कॉफी ओतता ओतता म्हणाली.

“येणारही नाही. माझ्या घरात त्याला बसायला खुर्ची मिळणार नाही.”

डॉर्कसला ते खरं वाटलं. न वाटायला काही कारणच नव्हतं. मालकांची, लॉरेन्स एल्सवुड यांची, आई बाळंतपणातच गेली, तेव्हा बारा वर्षांच्या डॉर्कसच्या कडेवर ते मूल आलं, ते चालायला लागेपर्यंत उतरलं नाही. पुढे तो मोठा झाला, जमिनीचा धनी झाला, पण तंबाखूच्या शेतावर त्यानं चाबूक वाजू दिला नाही. नाताळात प्रत्येकाच्या हातात स्वतः नवे बूट द्यायचा, कोण आजारी पडलं तर कोंबडीचं सूप आधी तिकडे जायचं. आसपासचे मळेवाले हसायचे. एल्सवुडनं माणसं लाडावून ठेवलीत, म्हणायचे. आणि थोरले मालक, त्याचे वडील, वारले त्या दिवशी, कबरीवरून परत येताना, ह्याच लॉरीनं डॉर्कसचे दोन्ही हात धरून शब्द दिला होता की तुझ्या टमारला मी कधी विकणार नाही.

टमार डॉर्कसची मुलगी. आता विशीची. बाप कोण, ते घरात कुणी उच्चारत नसे. थोरल्या मालकांनी डॉर्कसला काही विचारलं नव्हतं आणि डॉर्कसनंही नंतर कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरज उरली नाही. टमार मोठी होत गेली तसा तिचा चेहराच बोलू लागला. जेवणघरात थोरल्या मालकांचं तैलचित्र होतं. हनुवटीला मधोमध खळी, उजवी भुवई डावीपेक्षा उंच. लॉरेन्स मालकांकडे त्यातलं काही आलं नव्हतं. ते आईवर गेले होते. सगळं टमारनं उचललं होतं.

घरच्यांना सवय झाली होती. पण त्या वर्षी मालकांची मोठी मुलगी इसाबेल हिचं लग्न ठरलं, आणि चार्ल्स्टनहून होणाऱ्या सासूबाई घर बघायला आल्या. मिसेस लॅव्हेल बारीक डोळ्यांच्या होत्या. जेवताना टमार तैलचित्राखाली उभी राहून सगळ्यांना पाणी देत होती. मिसेस लॅव्हेलनी एकदा वर पाहिलं, एकदा टमारकडे, मग पुन्हा वर.

“चित्रकार फार चांगला असणार,” त्या म्हणाल्या. “नाकीडोळी अगदी हुबेहूब.”

इसाबेल लालबुंद झाली. मालक मांस कापत राहिले, सगळ्यांच्या ताटांत वाढून झालं होतं तरी.

दुसऱ्या दिवसापासून टमारला जेवणघरात येणं बंद झालं. स्वयंपाकघराच्या माडीवर तिला बसवलं आणि इसाबेलच्या लग्नाचे कपडे शिवायला दिले. टमारचा हात असा होता की तिनं घातलेली शिवण शोधावी लागे. डॉर्कसला वाटलं, एवढ्यावर भागलं. बरं झालं. नजरेआड राहील, लग्न होईल, विसरतील.

सप्टेंबरात तंबाखू वाळायला कोठारांत टांगला आणि धुरी सुरू झाली, तेव्हा अ‍ॅब्नर पर्डी आला.

त्याची गाडी पुढच्या दारी न थांबता मागच्या अंगणात आली. बाईसाहेबांनी निरोप पाठवला होता की आलेल्या माणसाला स्वयंपाकघरातून जेवायला दे. आत मात्र घ्यायचं नाही, पायरीवर बसेल. डॉर्कसनं मक्याची भाकर, खारवलेलं मांस आणि ताक असं ताट त्याच्या हातात दिलं. माणूस जाडजूड, दाढी आठवड्याची, बूट मात्र चकचकीत. दोन्ही डोळे धड होते. गाडीच्या मागच्या बाजूला पोत्याखाली लोखंड आहे हे डॉर्कसला त्याच्या आवाजावरून कळलं.

कुणाला न्यायला आलाय? ती मनाशी एकेक चेहरा आठवू लागली. कोठारावरचा जोएल परवा मुकादमाशी भांडला होता. जोएलच असेल. बिचारा.

“भाकर झकास आहे,” पर्डी तोंड भरून म्हणाला. “तू केलीस?”

“हो.”

“ह्या घरात खायला चांगलं देतात. बसायला देत नाहीत.” तो हसला. “वीस वर्षं फिरतोय. जेवढं घर सज्जन, तेवढी पायरी गार.”

एवढ्यात टमार माडीवरून खाली आली. इस्त्रीचा निखारा न्यायला. पर्डीनं ताट बाजूला ठेवलं, ओठ पुसले.

“ए पोरी, इकडे ये. हात बघू.”

टमारनं आईकडे पाहिलं. पर्डीनं वाट पाहिली नाही. उठून तिचा हात ओढला, बोटं एकेक करून उलटीसुलटी पाहिली, पेरं दाबली. अंगठ्यानं तिचा खालचा ओठ खाली करून दात पाहिले. घोड्याचे बघतात तसेच, त्याच सवयीनं आणि तितक्याच बिनरागानं. मग हनुवटीला बोट लावून चेहरा उजेडाकडे वळवला.

“हं,” तो म्हणाला. “तुमच्या थोरल्या मालकांना पाहिलंय मी बाजारात. आता कळलं घाई कशाची आहे ती. जा, जा तुझ्या कामाला.”

टमार निखारा न घेताच माडीवर गेली. डॉर्कसच्या हातातली ताकाची झारी कलंडली आणि ताक तिच्याच पायांवर सांडलं.

“तुला सांगितलं नाही?” पर्डी म्हणाला. तो पुन्हा खायला बसला होता. “कधीच सांगत नाहीत. पोरगी तुझी?”

डॉर्कसनं मान डोलावली.

“शिवणकाम जाणणारी म्हणून घेतोय. पुढे घेणारा कशाला घेतो ते मी विचारत नाही. मला खोटं बोलायचं कारण नाही, म्हातारे. मिसिसिपीला नेणार, नॅचेझच्या बाजारात उभी करणार. परत येणार नाही. कुणीच येत नाही.”

“मलाही ने,” डॉर्कस म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पायांपासून वर पाहिलं.

“तुला कोण घेणार? वाटेत मेलीस तर खड्डा खणायला दोन माणसं थांबवावी लागतील.” थोडं चघळून तो म्हणाला, “पण रांधायला बाई लागते तांड्याला. मागची तापानं गेली. तुझा मालक सोडत असेल तर नेतो. चालावं लागेल, गाडीत नाही बसवणार.”

“चालेन.”

“मग विचार जा. पण तो सोडणार नाही. असले सोडत नाहीत.”

मालक अभ्यासिकेत होते. डॉर्कस दार न वाजवता आत गेली. तिला बघताच ते उठले आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा चुरगळला.

“मावशी, तुला कळलं? त्या जनावरानं सांगितलं? मी स्वतः सांगणार होतो गं. सकाळपासून इथे बसून शब्द शोधतोय.”

“तुम्ही शब्द दिला होता, मालक.”

“दिला होता. माहीत आहे मला. झोप नाही मला कितीतरी रात्री. पण इसाबेलचं घर मोडायची वेळ आली. त्या लोकांनी स्पष्ट कळवलं नाही, पण… तुला सांगायला नको. तू ह्या घरातलीच आहेस.” त्यांनी डोळे पुसले. “मी पर्डीला बजावलंय. चांगल्या घरी द्यायचं, सभ्य माणसांत. आणि माझ्या जमिनीवर बेडी घालायची नाही. हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. फाटकाबाहेर, गिरणीच्या वळणापलीकडे जे काय ते.”

डॉर्कस उभीच राहिली.

“एक काम करशील? तूच सांग तिला. रिचमंडला जायचंय म्हणावं, मोठ्या शिंपिणीकडे, चार महिने शिकायला. म्हणजे ती हसत गाडीत बसेल. तिला कशाला त्रास, शेवटच्या दिवशी?”

“आणि सांगितलं नाही तर?”

“तर तो तिला ओढत नेईल, मावशी! माझ्या डोळ्यांदेखत! मला नाही बघवणार.”

बोलता बोलता ते जवळ आले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. रडू लागले. पंचेचाळीस वर्षं ज्या हाताला सवय होती, तो हात वर उचलला गेला आणि त्यांच्या केसांवरून फिरला. एकदा, दोनदा. मग डॉर्कसला आपला हात दिसला. तिनं तो खाली घेतला आणि झग्यात धरून ठेवला.

“मालक, मलाही द्या त्याला. तो नेतो म्हणालाय. रांधायला.”

त्यांनी डोकं वर केलं. रडणं थांबलं होतं.

“काय म्हणालीस?”

“टमारबरोबर जाते. दुसरं काही मागितलं नाही कधी.”

“तू मला सोडून जाशील? त्या माणसाबरोबर? साखळीतल्या तांड्यात?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं दुखावलेपण होतं. “काय कमी केलं मी तुला? आईच्या जागी मानलं. मी जुन्या माणसांना विकत नाही, डॉर्कस. ते माझं तत्त्व आहे. लोक काय म्हणतील, म्हातारपणी तिला हाकलून दिली?”

दारात बाईसाहेब येऊन उभ्या होत्या. “इतकं करूनही हे असं,” त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

“जा, मावशी,” मालक मायेनं म्हणाले. “तू आत्ता भानावर नाहीस. मी मनात ठेवणार नाही.”

माडीवर टमार खिडकीपाशी बसून इसाबेलच्या पेटीकोटची किनार घालत होती. पांढरं कापड तिच्या मांडीवरून जमिनीपर्यंत उतरलं होतं. आई आली तरी तिनं मान वर केली नाही.

“मला नेतोय ना?”

“हो.”

“कधी?”

“आत्ता. गाडी जोडायला घेतलीये.”

टमारनं टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला, सुई उशीत खोचली.

“तुला काय सांगायला सांगितलं?”

डॉर्कसला वाटेत येताना एकदा वाटलं होतं की सांगावं ते खोटं. हसत जाईल. गिरणीच्या वळणापर्यंत तरी. जिन्याच्या मधल्या पायरीवर ती त्यासाठी थांबलीही होती.

“रिचमंडला शिवण शिकायला,” ती म्हणाली.

टमार हसली. खरंच हसली. “मला? शिकायला?” मग हसू संपलं. “रडला का तो?”

“रडला.”

“आणि तू?”

डॉर्कसनं उजवा हात पाठीमागे घेतला. टमारनं तो ओढून पुढे आणला, आपल्या गालाला लावला आणि तशीच बसून राहिली. खालून पर्डीनं गाडीच्या फळीवर थाप मारली.

“बेड्या कुठं घालणार?” टमारनं विचारलं.

“गिरणीच्या पलीकडे. मालकांना बघवत नाही.”

“असं काय,” टमार म्हणाली आणि उठली. “माझी कात्री गादीखाली आहे. तुला राहू दे. त्यांना सापडू देऊ नकोस.”

खाली आल्यावर ती गाडीकडे वळली नाही. स्वयंपाकघराला वळसा घालून, गुलाबांच्या वाफ्यामधून, ती सरळ घराच्या पुढच्या अंगाला गेली. नोकरांनी त्या वाटेनं जायचं नसे. डॉर्कस मागोमाग धावली. टमार पुढच्या दगडी पायऱ्यांशी, अभ्यासिकेच्या खिडकीखाली, खडीवर उभी राहिली.

“ए पोरी!” पर्डी गाडी घेऊन आला. “पळायचा विचार आहे की काय? कुत्री नाहीत माझ्याकडे, पण आणवीन.”

टमारनं दोन्ही मनगटं पुढे केली.

“घाल.”

“इथं नाही. शब्द दिलाय तुझ्या मालकाला.”

“इथंच घाल. नाहीतर मी पळेन आणि तुला मागं धावावं लागेल.”

पर्डीनं तिच्याकडे पाहिलं. मग वर खिडकीकडे पाहिलं. पडद्यामागे कुणीतरी होतं. सकाळपासून तो मागच्या पायरीवर बसला होता. सौदा ठरला तोही दारात उभ्याउभ्या, आणि त्याचे पैसेही हातात न घेता पायरीवर ठेवायला लावले होते. तो हळूहळू हसला. त्या हसण्यात टमारसाठी काही नव्हतं.

“बाईचं मन कोण मोडणार,” तो म्हणाला आणि पोतं बाजूला करून लोखंड काढलं.

त्यानं तिला गुडघ्यांवर बसवलं. खालच्या दगडी पायरीवर तिची मनगटं ठेवली, कडी बसवली, खिळा घातला आणि हातोडा उचलला. पहिला घाव बसला तशी कोठारांकडची माणसं थांबून बघू लागली. दुसऱ्या घावाला खिडकी उघडली.

“पर्डी! मी काय बजावलं होतं तुला?” मालकांचा आवाज चिरका झाला होता. “माझ्या दारात! माझ्या दारात असलं काही चालायचं नाही!”

“माल आता माझा आहे, साहेब,” पर्डी न बघता म्हणाला. “खिडकी लावा. वारं लागेल.”

आणि त्यानं तिसरा घाव घातला. कडी हलली, टमारच्या मनगटाचं सालटं निघालं. ती ओरडली नाही. खिडकीकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. ती आईकडे बघत होती, आणि डॉर्कस तिच्याकडे. खिळा चपटा होईपर्यंत दोघींनी डोळे हलवले नाहीत. मग पर्डीनं तिला काखेत धरून उठवलं आणि गाडीत ढकललं.

गाडी फाटकापर्यंत गेली तोच आत काम करणारी पोर पायऱ्यांवर आली. “डॉर्कस मावशी, मालकांना घेरी आलीय. तुलाच बोलावतायत. दुसरं कुणी नको म्हणतायत.”

डॉर्कस धूळ बसेपर्यंत थांबली. मग आत गेली.

मालक कोचावर पडले होते. कपाळावर व्हिनेगरची पट्टी. त्यांनी तिचा हात चाचपून धरला.

“पाहिलंस ना, मावशी? पाहिलंस ना राक्षस कसा असतो तो?”

डॉर्कसनं हात सोडवून घेतला, पट्टी उचलली, पुन्हा भिजवली, पिळली आणि ठेवली.

त्या हिवाळ्यात इसाबेलचं लग्न थाटात झालं. पाहुणे येत-जात राहिले, आणि जेवणाच्या टेबलावर मालक ती हकीकत सांगू लागले. आरंभी अडखळत, नंतर न अडखळता. घरात एक मुलगी होती, शिवणकामात हात सोन्याचा. परिस्थितीनं तिला सोडावं लागलं. कशी परिस्थिती, ते कुणी विचारत नसे. आणि मग तो नराधम. हात जोडून सांगितलं होतं त्याला, तरी भर दारात, ह्या इथल्या पायरीवर, त्या बिचारीला गुडघ्यांवर पाडून त्यानं लोखंड ठोकलं. ती माझ्याकडे बघत होती हो, मालक म्हणत. डोळ्यांनी विनवत होती. पाहुण्या बायका घास तसाच ठेवून त्यांच्या हातावर हात ठेवत. कायदा करायला हवा ह्या सौदागरांविरुद्ध, पुरुष म्हणत. डॉर्कस थाळा घेऊन टेबलाभोवती फिरत असे. कधीकधी हकीकत आणि वाढणं बरोबरच संपे.

पुढल्या सप्टेंबरात पर्डी पुन्हा आला. ह्या वेळी जोएलसाठी. तसाच मागच्या पायरीवर बसला, तसंच ताट त्याला मिळालं. डॉर्कस समोर उभी राहिली.

“माझी मुलगी,” ती म्हणाली. “गेल्या साली नेलेली.”

“नावं नाही राहत लक्षात.”

“इथं पुढच्या पायरीवर…”

“अरे हां! बेडी मागून घेणारी!” पर्डीच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचा आनंद पसरला. “वाटेत दोनदा पळाली ती. दुसऱ्यांदा पायालाही घालावी लागली. पण तुझ्या पोरीचं नशीब बघ, म्हातारे. नॅचेझला पहिल्याच सकाळी गेली. काय माणूस मिळालाय! विधुर आहे. मोठा मळा. हलक्या आवाजात बोलतो. पोरीच्या मनगटाची जखम बघून डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, मलाच चार शब्द सुनावले.” भाकरीचा तुकडा तोडून तो म्हणाला, “अगदी तुझ्या मालकासारखा. सज्जन.”

तो चेष्टा करत होता की चांगली बातमी देत होता, ते डॉर्कसला कळलं नाही. त्यालाही ठाऊक नसावं. तो निवांत जेवत होता. डॉर्कस मागे सरली, हात मागे नेऊन भिंत शोधली, आणि तिला टेकून राहिली, ताट रिकामं होईपर्यंत.

त्या दिवशी दुपारी तीनच्या जेवणाला मिसेस लॅव्हेल होत्या, शेजारचे पाद्रीबाबा आणि त्यांची पत्नी होती. मागच्या अंगणातून गाडी जाताना लोखंडाचा आवाज आला. पाद्रीबाबांच्या पत्नीनं दचकून तिकडे पाहिलं. मालकांनी काटा खाली ठेवला.

“मला तो आवाज ऐकवत नाही,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी ह्या घरात जे घडलं…” आणि त्यांनी सांगायला घेतलं. नराधम. हात जोडले. पायरी. हातोडा. डॉर्कस त्यांच्या खुर्चीशी रताळ्यांचा थाळा धरून उभी होती.

“आणि तो निर्दय माणूस, सगळ्यांदेखत, तिचं काही न ऐकता…”

“तिनं मागून घेतल्या,” डॉर्कस म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. रताळी घ्या म्हणावं, तेवढाच.

“काय?” मालक म्हणाले.

“बेड्या. पर्डी गिरणीपलीकडे घालणार होता, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. तिनं मागून घेतल्या. इथं. तुमच्या खिडकीखाली.”

बाईसाहेबांच्या बांगड्या टेबलाच्या कडेला आपटल्या. मालकांचं तोंड किंचित उघडं राहिलं. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. लहानपणी पडल्यावर बघायचे तसं, ती आता काही करील म्हणून. डॉर्कसनं थाळा दोन्ही हातांनी धरला होता.

“काय म्हणतेय ही?” पाद्रीबाबांच्या पत्नीनं विचारलं.

“काही नाही,” मालक म्हणाले. “वय झालंय तिचं.”

मिसेस लॅव्हेल ताटाकडे बघत होत्या. डॉर्कस पुढच्या खुर्चीशी गेली, रीतीप्रमाणे डावीकडून वाकली आणि थाळा पुढे धरला. बराच वेळ तो तसाच धरून ती उभी राहिली. कुणी वाढून घेईना.